निसर्गाचा नाद आणि माणसाची रचना



आजच्या व्याख्यानाचा विषय कार्यक्रमपत्रिकेत वाचून आपल्यापैकी काही जणांच्या कपाळाला आठी पडली असेल. पाखरांचे आवाज यंत्रात भरून घ्यायचे, त्यांचे तुकडे पाडायचे, ते पुन्हा जोडायचे आणि त्याला संगीत म्हणायचे! मग गवयाने वीस वर्षे खर्ज भरला तो कशासाठी, असा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. ही शंका आम्ही उडवून लावणार नाही. ती बरोबर घेऊनच आपण पुढे जाऊ. असले संगीत आले कोठून, ते रचतात कसे आणि त्याला संगीत म्हणावे की नाही, या तीन प्रश्नांचा विचार प्रथम करू. चौथा प्रश्न शेवटी येईल, आणि आमच्या मते तोच सर्वांत मोलाचा आहे.

आरंभ आपल्या घरापासून करू. आपल्या पूर्वजांनी सात स्वरांची सांगड सात प्राण्यांशी घातली होती. षड्ज मोराचा, ऋषभ चातकाचा, गांधार बोकडाचा, मध्यम क्रौंचाचा, पंचम कोकिळाचा, धैवत बेडकाचा आणि निषाद हत्तीचा. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने आपल्या 'संगीतरत्नाकर' ग्रंथात ही परंपरा नोंदवून ठेवली आहे. हिच्याकडे आजचा माणूस हसून पाहतो. बेडकाचा धैवत कोणी लावून पाहिला, असे विचारतो. पण जरा थांबावे. या कल्पनेत एक अडचण आहे आणि त्या अडचणीतच आपल्या विषयाची किल्ली आहे.

सध्या वसंत चालू आहे. पहाटे कोकिळ ऐकू येतो. कवींनी त्याला 'कोकिळा' करून टाकले असले तरी तो 'कुहू' घालणारा पक्षी नर असतो, हे पक्षिशास्त्र सांगते. त्याची हाक नीट ऐका. प्रत्येक 'कुहू' आधीच्या 'कुहू'पेक्षा चढा जातो आणि टोकाला पोचल्यावर तो एकदम थांबतो. यातला पंचम कोणता? खरे पाहता, पंचम एकटा असूच शकत नाही. षड्ज ठरल्याशिवाय पंचम नाही. तंबोरा छेडला की पंचम जन्माला येतो. पाखराजवळ आवाज आहे, तंबोरा नाही. तंबोरा माणसाच्या कानात आहे. स्वर म्हणजे आवाजांमधले नाते, आणि नाते जोडण्याचे काम ऐकणारा करतो. एवढे ध्यानात ठेवून आता युरोपात जाऊ.

निसर्गाचा आवाज संगीतात आणण्याची जुनी वाट अनुकरणाची. बासरीने कोकीळ व्हावे, नगाऱ्याने ढग व्हावे. ही वाट सर्व देशांत आहे. दुसरी वाट मात्र यंत्राने मोकळी केली. एडिसनने १८७७ साली फोनोग्राफ बनविला आणि पुढे बारा वर्षांनी, १८८९ साली, जर्मनीतल्या फ्रँकफुर्ट शहरी लुडविग कोख नावाच्या आठ वर्षांच्या मुलाने वडिलांनी आणून दिलेल्या यंत्रावर, मेणाच्या नळकांड्यावर, आपल्या पाळीव पक्ष्याचे गाणे उतरवून घेतले. पक्ष्याच्या गाण्याचे हे सर्वांत जुने ज्ञात ध्वनिमुद्रण होय. तो पक्षी कोणता होता? शामा. आपल्या सह्याद्रीच्या रानात झुडपांतून गाणारा, लांब शेपटीचा शामा. जगात यंत्रावर पहिल्यांदा गायिलेले पाखरू हिंदुस्थानातल्या जातीचे निघावे, हा योगायोग आपल्याला सुखावणारा आहे. पण ते पिंजऱ्यातून गात होते, हेही विसरू नये.

यानंतर १९२४ हे साल महत्त्वाचे. त्या वर्षीच्या मे महिन्यात इंग्लंडातील सरे परगण्यात बिअ‍ॅट्रिस हॅरिसन ही चेलो वाजविणारी विदुषी रात्री आपल्या बागेत वादनाला बसली, आणि नाइटिंगेल पक्षी तिला साथ करतो आहे, असा कार्यक्रम लंडनच्या नभोवाणीने थेट प्रक्षेपित केला. आपण नाइटिंगेलला बुलबुल म्हणतो, पण आपला बुलबुल निराळा. कार्यक्रम इतका गाजला की पुढे वर्षानुवर्षे होत राहिला. त्या पहिल्या रात्री खरा पक्षी गायला की शीळ घालणारे एखादे माणूस, अशी शंका अलीकडे २०२२ साली जाहीरपणे घेतली गेली. त्या वादात आपण पडायला नको. त्याच वर्षाच्या डिसेंबरात रोममध्ये रेस्पीगी या इटालियन रचनाकाराची 'रोमचे पाइनवृक्ष' ही रचना पहिल्यांदा वाजली. तिच्या तिसऱ्या भागाच्या अखेरीस वाद्ये मंद होतात आणि तबकडीवरचा खरा नाइटिंगेल गाऊ लागतो. वाद्यवृंदाच्या स्वरलिपीत वादकांच्या बरोबरीने तबकडीलाही जागा मिळाली, ही त्या काळी मोठी नवलाई होती.

त्या बागेची आणखी एक हकीकत सांगितल्याशिवाय राहवत नाही. दुसरे महायुद्ध चालू होते. १९४२ सालच्या मे महिन्यात नभोवाणीची माणसे नेहमीप्रमाणे नाइटिंगेलसाठी बागेत मायक्रोफोन मांडून बसली. पक्षी गाऊ लागला आणि त्याच वेळी दुरून घरघर येऊ लागली. जर्मनीवर बाँब टाकायला निघालेल्या जवळजवळ दोनशे विमानांचा तांडा डोक्यावरून चालला होता. शत्रूला सुगावा लागू नये म्हणून प्रक्षेपण तिथेच तोडण्यात आले. मुद्रण मात्र चालू राहिले आणि ते आजही ऐकता येते. खाली पाखरू गात आहे, वर विमानांचा आवाज वाढत वाढत जातो, पाखराचे गाणे थांबत नाही. ही रचना कोणी केली? कोणीही नाही. तरी ती ऐकणाऱ्याचे मन हलते. केवळ दोन आवाज शेजारी आले, एवढ्यानेच अर्थ उत्पन्न झाला. मुद्रित ध्वनीत केवढी शक्ती आहे, याचा याहून बोलका पुरावा आम्हांला ठाऊक नाही.

ही शक्ती जाणूनबुजून वापरली ती पॅरिसच्या नभोवाणीतल्या पिएर शेफेर या तंत्रज्ञाने. १९४८ साली त्याने आगगाडीच्या इंजिनांचे वगैरे आवाज तबकड्यांवर घेतले, त्यातले तुकडे निवडले, काही फिरफिरून वाजविले, काही उलटे लावले आणि पाच छोट्या रचना त्या वर्षीच्या ऑक्टोबरात प्रक्षेपित केल्या. पाखरांशी त्याला कर्तव्य नव्हते. पण त्याने एक तत्त्व घालून दिले. स्वरलिपीतून वाद्याकडे आणि वाद्यातून आवाजाकडे जाण्याचा क्रम त्याने उलटा केला. आवाज आधी हाती घ्यायचा, तो पारखायचा आणि मग त्याची रचना करायची. सोनाराने आधी नग पाहावा आणि मग दागिना ठरवावा, तसा हा प्रकार.

तंत्र समजायला अवघड नाही. ध्वनिफितीचा वेग निम्मा केला की आवाज एक सप्तक खाली उतरतो आणि त्याला लागणारा वेळ दुप्पट होतो. पुन्हा निम्मा केला की आणखी एक सप्तक. लहान पाखराची किलबिल आपल्याला चिवचिवाटासारखी वाटते, कारण ती फार उंच आणि फार जलद असते. फीत संथ केली म्हणजे त्या किलबिलीत मींड दिसते, मुरक्या दिसतात, एखादी तान उलगडावी तसे सारे उलगडते. ध्वनीसाठी हे सूक्ष्मदर्शकच म्हणावयाचे. आज फितीची जागा संगणकाने घेतली आहे आणि वेग न बदलता स्वर उतरविणेही शक्य झाले आहे. पण मूळ कामे तीच राहिली: निवडणे, तोडणे, जोडणे, चढविणे, उतरविणे आणि दोन ध्वनींच्या मध्ये किती शांतता सोडायची ते ठरविणे.

येथे ऑलिव्हिए मेसियां या फ्रेंच रचनाकाराचे नाव घेतले पाहिजे, कारण तो यंत्राशिवाय याच गावाला पोचला. कागद पेन्सिल घेऊन तो रानात जाई आणि पक्ष्यांची गाणी स्वरलिपीत उतरवून घेई. पुढे ती पियानोवर आणताना तो त्यांचा वेग कमी करी आणि त्यांना खालच्या सप्तकात आणी, कारण पाखराइतके जलद आणि सूक्ष्म वाजविणे माणसाच्या बोटांना झेपत नाही. म्हणजे यंत्र जे करते तेच तो बुद्धीने करीत होता. आणि आपल्याला अभिमान वाटावा अशी गोष्ट ही की, या मेसियांने आपल्या लयीच्या विचारासाठी शार्ङ्गदेवाने दिलेल्या एकशेवीस देशी तालांचा अभ्यास केला होता. देवगिरीचा ग्रंथ असा पॅरिसपर्यंत पोचला.

आता एका रचनेपाशी जरा निवांत बसू. फिनलंड हा उत्तर युरोपातला थंड, दलदलींचा आणि सरोवरांचा देश. तेथील ओउलू विद्यापीठाला आपल्या पहिल्या डॉक्टरेट पदवीदान समारंभासाठी एक संगीतरचना हवी होती. ती एइनोयुहानी राउतावारा या रचनाकाराकडे सोपविण्यात आली. अशा प्रसंगी गायकवृंद उभा करून विद्येचा गौरव गाण्याची चाल असते. राउतावाराने मात्र ध्वनिमुद्रण यंत्र उचलले आणि उत्तर ध्रुववृत्ताच्या आसपासच्या प्रदेशात आणि लिमिंका गावाच्या दलदलीत जाऊन पक्ष्यांचे आवाज गोळा केले. १९७२ साली तयार झालेल्या त्या रचनेचे नाव 'कांटुस आर्क्टिकुस', म्हणजे उत्तर ध्रुवाकडचे गीत. पक्षी आणि वाद्यवृंद यांची ती जुगलबंदी आहे.

तिचे तीन भाग. पहिला 'दलदल'. आरंभी दोन बासऱ्या एकमेकींभोवती घुटमळत राहतात आणि मग वसंतातल्या दलदलीवरचे पक्षी जागे होतात. पुढे तंतुवाद्यांतून संथ, रुंद स्वरांची धून उमटते. दुसरा भाग 'उदासी'. यात चंडोलाच्या कुळातल्या एका पक्ष्याचे गाणे दोन सप्तके खाली उतरवून घेतले आहे. मूळ चिमुकला जीव, पण उतरविलेल्या आवाजात तो अजस्र, अनोळखी होऊन येतो. रचनाकाराने त्याला भुताचे पाखरू म्हटले आहे. पक्षी तोच, गाणे तेच, फक्त काळ ताणलेला. आणि आनंदी किलबिलीचा शोक झाला! तिसरा भाग 'स्थलांतर करणारे हंस'. थव्यामागून थवा येतो, हाकांचा गजर वाढतो, वाद्यवृंदही चढत जातो आणि मग सारे हळूहळू दूर, उत्तरेच्या आभाळात विरून जाते.

या रचनेत पक्षी वाद्यवृंदाला साथ करीत नाहीत. ते आपले जसे आहेत तसे ओरडत असतात. त्यांना ताल नाही, षड्ज नाही. वाद्यवृंद त्यांच्याखाली स्वरांची भूमी पसरतो आणि त्या भूमीवर पाय पडताच पाखरांचा आवाज आपल्याला स्वर वाटू लागतो. आरंभी आपण कोकिळाच्या पंचमाविषयी बोललो ते हेच. रचनाकार येथे तंबोरा धरून बसला आहे.

यातल्या हंसांविषयी एक गोष्ट सांगतो. शिकारीमुळे फिनलंडात ही जात विसाव्या शतकाच्या मध्याला जवळजवळ संपत आली होती. १९५० साली युर्यो कोक्को या लेखकाने त्यांच्यावर एक पुस्तक लिहिले, लोकांचे मन वळले आणि हंस परतले. आज तो त्या देशाचा राष्ट्रीय पक्षी आहे. राउतावाराच्या श्रोत्यांना त्या थव्यांच्या हाका ऐकताना हा इतिहास ठाऊक होता. गेलेले परत येत आहेत, हे ऐकण्यातले सुख त्या स्वरांत मिसळलेले आहे.

आभाळातून आता समुद्रात उतरू. बर्म्युडा बेटापाशी अमेरिकन नौदलासाठी काम करणाऱ्या फ्रँक वॉटलिंग्टन या तंत्रज्ञाला पाण्याखालच्या मायक्रोफोनांतून विलक्षण आवाज ऐकू आले. ते हंपबॅक जातीच्या देवमाशांचे होते. ही मुद्रणे त्याने रॉजर पेन या शास्त्रज्ञाच्या हवाली केली. पेन आणि स्कॉट मॅकवे यांनी १९७१ साली दाखवून दिले की हे नुसते ओरडणे नाही. त्यात ठरावीक खंड आहेत, ते ठरावीक क्रमाने येतात आणि एक आवर्तन अर्ध्या तासापर्यंत चालून पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. पुढे केटी पेन या विदुषीने वर्षावर्षांची मुद्रणे ताडून पाहिली. तेव्हा असे दिसले की एका समुद्रातले सारे नर एकच गीत गातात, आणि ते गीत दरवर्षी थोडे थोडे बदलते. गीत लांब आणि गुंतागुंतीचे असेल तर त्यात यमकासारखी रचनाही सापडते, बहुधा लक्षात ठेवण्यासाठी. आपल्या आज्यांनी ओव्या पाठ ठेवल्या त्या यमकांच्या आधारानेच ना? घराणे, बंदिश, पाठांतर, बदल, हे सारे शब्द समुद्राच्या तळाशीही लागू पडावेत, हे मोठे नवल आहे.

१९७० साली या गीतांची तबकडी निघाली आणि लाखो घरांत पोचली. त्याच वर्षीच्या जूनमध्ये अ‍ॅलन होव्हानेस या रचनाकाराची देवमाशांच्या मुद्रित गीतांसह वाजविण्याची रचना न्यूयॉर्कच्या वाद्यवृंदाने सादर केली. हा होव्हानेस १९५९-६० साली मद्रासेत राहून कर्नाटक संगीत शिकून गेला होता. तोवर देवमासा म्हणजे तेलाचे आणि मांसाचे कोठार होते. गीत ऐकल्यावर लोकांना तो गाणारा जीव वाटू लागला. देवमासे वाचविण्याच्या चळवळीला या तबकडीने आवाज दिला. १९८२ साली आंतरराष्ट्रीय आयोगाने व्यापारी शिकारीवर बंदीचा ठराव केला आणि ती १९८६ पासून अमलात आली. ठराव काही एका तबकडीने होत नाहीत. त्यामागे शास्त्रज्ञ, कार्यकर्ते आणि मुत्सद्दी यांचे कष्ट असतात. पण ठरावामागे लोकांचे मन लागते, आणि ते मन कानाच्या वाटेने वळले होते.

आपल्या अरबी समुद्रातही हे देवमासे आहेत. इतर समुद्रांतले त्यांचे भाऊबंद दूरदूर प्रवास करतात. आपले बाराही महिने येथेच राहतात आणि त्यांची संख्या फार थोडी उरली आहे. गोव्याच्या किनाऱ्याजवळ पाण्याखाली ठेवलेल्या यंत्रांनी अलीकडे त्यांची गीते टिपली आहेत. आपण सुटीत ज्या समुद्राकडे पाठ करून भेळ खातो, त्याच्या पोटात गाणे चालू असते.

आता आरंभीच्या शंकेकडे वळू. याला संगीत म्हणावे काय? आमचे उत्तर असे. नुसते ध्वनिमुद्रण ही नोंद आहे. तिला मोल आहे, पण ती रचना नव्हे. रचनेसाठी निवड, क्रम आणि नाते लागते, आणि हे तिन्ही माणूस आणतो. जेथे रचनाकाराने पाखराच्या मागे एखादी गुळचट धून लावून दिली, तेथे संगीतही बिघडते आणि पाखरूही. बाजारात असा माल पुष्कळ आहे. जेथे त्याने आधी ऐकले, खूप ऐकले, आणि मग त्या आवाजाला शोभेल एवढेच आपले घातले, तेथे संगीत आहे. गवयाच्या वीस वर्षांच्या खर्जाला यामुळे धक्का लागत नाही. साथीदाराने मुख्य गायकाला ओळखून साथ करावी, ही आपल्या मैफलीची शिस्त. तीच येथे हवी. आणि शीळ घालून पाखराचे नाव सांगितले तर ती फसवणूक होते. फीत संथ करून तसे सांगितले तर ती कला होते.

शेवटी चौथा प्रश्न. ज्या आवाजांतून हे संगीत रचायचे, ते उरणार आहेत काय?

बर्नी क्राउस हा अमेरिकन संगीतकार १९६८ पासून रानावनांचे आवाज गोळा करीत आला. त्याचे म्हणणे असे की जुन्या, अभंग रानात प्रत्येक जीव आपापली पट्टी राखून बोलतो. किडे एका उंचीवर, बेडूक दुसऱ्या, पाखरे तिसऱ्या. एकाने जागा सोडली की दुसरा बोलतो. चांगल्या मैफलीत तबला गायकाच्या अंगावर चढत नाही, तसेच. १९८८ साली कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडा डोंगरात एका कुरणावर त्याने पहाटेचा पक्ष्यांचा गजर मुद्रित केला. त्यानंतर तेथे निवडक वृक्षतोड झाली. थोडी थोडी झाडे काढायची, रानाला इजा व्हायची नाही, असे गावकऱ्यांना सांगण्यात आले होते. वर्षाने क्राउस त्याच जागी, त्याच दिवसांत गेला. डोळ्यांना काहीच बदल दिसत नव्हता. छायाचित्र काढले असते तर दोन्ही वर्षांची सारखीच आली असती. पण यंत्र चालू केले तेव्हा ओढ्याचा खळखळाट आणि एका सुतार पक्ष्याची टकटक, एवढेच राहिले होते. पुढच्या पंचवीस वर्षांत तो तेथे पंधरा वेळा गेला. पहिला गजर परत आला नव्हता.

डोळा फसला तेथे कानाने खरे सांगितले. याच क्राउसने रिचर्ड ब्लॅकफर्ड या इंग्रज रचनाकाराबरोबर पशुपक्ष्यांच्या आवाजांची सिंफनी केली आणि ती २०१४ साली इंग्लंडात वाजली. ती सुंदर आहे. पण हवाई बेटांतल्या काउआईवरचा 'ओओ' नावाचा पक्षी १९८७ सालानंतर कोणालाही आढळला नाही, आणि त्याचे गाणे आता फक्त यंत्रात आहे. त्यावर कितीही सुरेख रचना केली तरी ती श्राद्धाच्या पानासारखी. ज्याच्यासाठी वाढले तो जेवायला येत नाही. म्हणून आमचे सांगणे एवढेच की मुद्रण हा वारसा आहे, बदली नव्हे.

१९७७ साली अमेरिकेने 'व्हॉयेजर' नावाची दोन याने अवकाशात सोडली. प्रत्येकात सोन्याचा मुलामा दिलेली एक तबकडी आहे. तीवर वाऱ्यापावसाचे, बेडूक-रातकिड्यांचे आणि पाखरांचे आवाज आहेत. पंचावन्न भाषांतले नमस्कार आहेत; त्यात मराठी आहे, आणि त्या नमस्कारांच्या ओळीतच देवमाशाचे गीतही बसविले आहे. आणि संगीताच्या भागात गोव्यात जन्मलेल्या सूरश्री केसरबाई केरकर यांची भैरवी आहे. दुसरे यान ५ सप्टेंबरला निघाले आणि १६ सप्टेंबरला केसरबाई निवर्तल्या. देवमासा, बेडूक आणि केसरबाई एकाच तबकडीवर ताऱ्यांकडे निघाले आहेत. पृथ्वीचा आवाज कोणता, असे कोणी विचारले तर माणसांनी दिलेले उत्तर हे आहे. त्यात कोणालाही वगळलेले नाही. शार्ङ्गदेवाला ते पटले असते, असे आम्हांला वाटते.

ते उत्तर खरे राखणे आपल्या हाती आहे. त्यासाठी फिनलंडला जायला नको. आपल्या गावाच्या टेकडीवर, नदीकाठी, एखाद्या जुन्या वडाखाली पहाटे दहा मिनिटे काही न बोलता बसावे. काय ऐकू आले ते तारीख घालून लिहून ठेवावे. आजकाल खिशातल्या टेलिफोनातही मुद्रण होते, तेही करावे. पुढच्या वसंतात त्याच जागी पुन्हा बसावे आणि वही उघडावी. काही कमी झाले असेल तर ते का झाले, हे नगरपालिकेला आणि स्वतःला विचारावे. ऐकणाऱ्यांचे गाव असले तर गाणाऱ्यांना राहावेसे वाटते. हे मैफलीला जितके खरे, तितकेच रानाला.